मन्स्टरचा मोसम: हर्लिंग आणि गेलिक फुटबॉलची प्रांतिक स्पर्धा स्थानिक पाठीराख्यासारखी कशी अनुभवावी

एप्रिल अर्धा सरला की आयर्लंडच्या दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतात घरांच्या कुंपणांवर, दुकानांच्या दारांवर आणि मोटारींच्या खिडक्यांवर झेंडे दिसू लागतात. कॉर्कमध्ये ते लाल-पांढरे, लिमरिकमध्ये हिरवे-पांढरे, क्लेअरमध्ये केशरी-निळे, टिपररीत निळे-सोनेरी, वॉटरफर्डमध्ये पांढरे-निळे आणि केरीत हिरवे-सोनेरी असतात. नोकरीनिमित्त या भागात येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना हा उत्सव कानावर पडतो, कचेरीत सोमवारी सकाळी त्याचीच चर्चा असते, मूल शाळेतून ॲश झाडाच्या लाकडाची हर्ली, म्हणजे हर्लिंगची काठी, घेऊन घरी येते, आणि तरीही पहिला सामना प्रत्यक्ष पाहायला जाण्याचे धाडस अनेकांचे वर्षानुवर्षे होत नाही. तिकीट कोठे मिळते, धावफलकावरचे आकडे कसे वाचायचे, कोठे उभे राहायचे, हे सांगणारे कोणी नसते, कारण येथे वाढलेल्या माणसाला ते सांगण्यासारखे आहे असे वाटतच नाही. या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: मन्स्टरच्या स्पर्धेचा रस्ता मोठ्या मैदानाकडून नव्हे, तर आपल्या घराजवळच्या क्लबाकडून सुरू होतो.

पहिली पायरी: स्पर्धेची रचना आणि वर्षाचे वेळापत्रक समजून घेणे

हर्लिंग हा काठी-चेंडूचा आणि गेलिक फुटबॉल हा हातापायांनी खेळायचा, हे दोन्ही खेळ गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली जीएए, चालवते. टिपररीतील थर्ल्स गावच्या हेज हॉटेलात 1 नोव्हेंबर 1884 रोजी तिची स्थापना झाली. खेळाडूंना येथे मानधन मिळत नाही. रविवारी हजारो लोकांसमोर खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवायला किंवा पोलीस ठाण्यात हजर असतो. लिमरिकच्या हर्लिंग संघाला अनेक करंडक मिळवून देणारे व्यवस्थापक जॉन किली हे स्वतः पेशाने शाळेचे मुख्याध्यापक आहेत. खेळाडू आपल्या काउंटीकडूनच, म्हणजे जिल्ह्याकडूनच, खेळतो, खरेदी-विक्री नसते, म्हणून संघ म्हणजे त्या भागाची माणसे हे येथे अक्षरशः खरे असते.

2022 पासून वर्षाचे दोन भाग पडले आहेत. जानेवारीच्या अखेरीस राष्ट्रीय लीग सुरू होते, एप्रिलपासून प्रांतिक स्पर्धा, त्यानंतर अखिल आयर्लंड फेऱ्या, आणि जुलैमध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर दोन्ही खेळांचे अंतिम सामने होतात. उरलेला उन्हाळा आणि शरद ऋतू क्लबांचा असतो.

मन्स्टरमध्ये सहा काउंटी आहेत, पण दोन्ही खेळांची मांडणी सारखी नाही. हर्लिंगमध्ये कॉर्क, लिमरिक, क्लेअर, टिपररी आणि वॉटरफर्ड हे पाच संघ एकमेकांशी साखळी सामने खेळतात. प्रत्येकाचे दोन सामने घरच्या मैदानावर आणि दोन बाहेर होतात. केरीचा हर्लिंग संघ खालच्या श्रेणीतील जो मॅकडोना करंडकासाठी खेळतो. विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण मिळतो. पहिले दोन संघ मन्स्टरचा अंतिम सामना खेळतात, तिसरा संघ अखिल आयर्लंड फेरीत मागच्या दाराने शिरतो, आणि चौथ्या व पाचव्याचे वर्ष मे महिन्यातच संपते. केवळ चार सामन्यांत सगळे ठरत असल्यामुळे पहिल्याच रविवारी हरलेल्या संघाच्या गावात शोककळा पसरते, आणि ती मुळीच नाटकी नसते.

फुटबॉलमध्ये मन्स्टरची स्पर्धा बाद पद्धतीची आहे आणि तिच्यावर केरीचे निर्विवाद वर्चस्व आहे. त्यांची विजेतेपदे 80 हून अधिक आहेत. स्पष्टच सांगायचे तर तटस्थ प्रेक्षकाला मन्स्टर फुटबॉलचे पहिले सामने अनेकदा एकतर्फी वाटतील, त्यामुळे नवख्याने सुरुवात हर्लिंगच्या साखळी सामन्यांपासून करावी असे माझे मत आहे. केरीत राहणाऱ्यांना हे पटणार नाही, आणि त्यांनी ते मनावर घेऊही नये. शिवाय फुटबॉलमधले धक्के क्वचित बसतात म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतात. क्लेअरने 1992 मध्ये केरीला हरवून 1917 नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. टिपररीने 22 नोव्हेंबर 2020 रोजी कॉर्कला हरवले, तेव्हा त्यांची 1935 पासूनची प्रतीक्षा संपली. त्याच्या आदल्याच दिवशी ब्रिटिश दलांनी क्रोक पार्कवर केलेल्या गोळीबाराला 100 वर्षे पूर्ण झाली होती. 1920 च्या त्या गोळीबारात टिपररीचा खेळाडू मायकेल होगन मारला गेला होता, आणि 2020 चा संघ 1920 च्या गणवेशाच्या धर्तीवरचे पांढरे-हिरवे कपडे घालून उतरला होता. महासाथीमुळे हे सारे रिकाम्या मैदानात घडले, याची हळहळ टिपररीकरांना अजून आहे.

दुसरी पायरी: काउंटी ठरवणे आणि क्लबात जाणे

काउंटी निवडण्यात फार डोके खपवू नये. जेथे राहता ती तुमची काउंटी. जिंकणारा संघ पाहून निष्ठा ठरवणाऱ्याकडे लोक हसून पाहतात, पण तीन वर्षे एनिसमध्ये राहून क्लेअरचा गळपट्टा घालणाऱ्याला कोणीही परका समजत नाही. बाहेरून आलेल्यांबद्दल या खेळात संकोच नाही, हे सांगायला एक नाव पुरे आहे: 2005 मध्ये कॉर्कचा कर्णधार म्हणून अखिल आयर्लंड करंडक उचलणाऱ्या शॉन ओग ओ हालपीनची आई फिजीच्या रोटुमा बेटावरची, आणि त्याने त्या दिवशीचे भाषण आयरिश भाषेत केले.

त्यानंतर जवळचा क्लब शोधावा. क्लब सहसा पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीच्या, नावाने ओळखला जातो आणि आपल्याकडच्या गल्लीतल्या गणेश मंडळासारखा पूर्णपणे हौशी कार्यकर्त्यांच्या बळावर चालतो. घरात लहान मूल असेल तर वाट सोपी होते: बहुतेक क्लबांत आठवड्याच्या शेवटी सकाळी चिमुकल्यांचा सराव असतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जीएएची कूल कॅम्प ही शिबिरे भरतात. हर्लिंगसाठी हेल्मेट सक्तीचे आहे, तेव्हा आधी तेवढे घ्यावे. मुलाला मैदानावर सोडून मोटारीत मोबाइल पाहत बसणारे पालक तेथेच चुकतात. कडेला उभे राहून शेजारच्या आजोबांना, या रविवारी आपला संघ जिंकेल का, एवढे विचारले तरी अर्ध्या तासात स्पर्धेचा इतिहास, पंचांची वंशावळ आणि पार्किंगची गुप्त जागा हाती लागते. मूल नसेल तरी सभासद होता येते. वार्षिक वर्गणी भरलेल्या सभासदाला अंतिम सामन्यांच्या तिकिटांच्या वाटपात स्थान असते, आणि त्याचे महत्त्व पुढे कळेल.

तिसरी पायरी: धावफलक आणि गुणतक्ता वाचणे

चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, आणि त्याचे तीन गुण. दांडीवरून, दोन्ही खांबांच्या मधून गेला तर एक गुण. धावसंख्या लिहिताना गोल आधी आणि गुण नंतर, मध्ये आडवी रेघ. मन्स्टर हर्लिंगचा 2025 चा अंतिम सामना लिमरिकच्या मैदानावर जादा वेळेनंतर कॉर्क 1-30, लिमरिक 2-27 असा थांबला. एका गोलाचे तीन आणि तीस, म्हणजे कॉर्कचे 33. दोन गोलांचे सहा आणि सत्तावीस, म्हणजे लिमरिकचेही 33. मग पेनल्टींवर कॉर्क 3-2 ने जिंकले आणि 2019 पासून सलग सहा वेळा मन्स्टर जिंकणाऱ्या लिमरिकची मालिका तुटली. हा हिशेब मनातल्या मनात करण्याची सवय लावून घ्यावी, कारण 1-30 आणि 2-27 यांत कोण पुढे आहे हे विचारत बसलात तर तेवढ्यात आणखी दोन गुण झालेले असतात.

मैदानावर पांढरा कोट घातलेले चार अंपायर दोन्ही गोलखांबांशी उभे असतात. गोल झाला की हिरवे निशाण, गुण झाला की पांढरे. चेंडू बाहेर गेला की अंपायर दोन्ही हात आडवे फिरवून नकार देतो. दूरच्या टोकाला काय झाले हे चेंडूकडे पाहून कळत नाही. नजर त्या कोटाकडे ठेवावी. तो खाली वाकून कोणते निशाण उचलतो याकडे हजारो लोक श्वास रोखून पाहत असतात.

फुटबॉलमध्ये 2025 पासून नियम बरेच बदलले. गोलापासून 40 मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून मारलेल्या अचूक किकला आता दोन गुण मिळतात आणि त्यासाठी नारिंगी निशाण दाखवतात. गोलरक्षकाची किक त्या कमानीच्या पलीकडे जावीच लागते, आणि प्रत्येक संघाला किमान तीन खेळाडू समोरच्या अर्ध्या भागात ठेवावे लागतात. त्यामुळे सगळे पंधरा जण आपल्याच गोलासमोर भिंत करून उभे राहण्याचा कंटाळवाणा प्रकार बराच थांबला. जुन्या पाठीराख्यांनी आधी नाके मुरडली. आता तेच लोक दोन गुणांची किक मागत ओरडतात.

गुणतक्त्याचा एक बारकावा महत्त्वाचा आहे. दोनच संघ समान गुणांवर असतील तर त्यांच्यातील सामना कोणी जिंकला ते पाहतात; तीन संघ असतील तर केलेल्या आणि दिलेल्या गुणांतला फरक मोजतात. म्हणून हातातून गेलेल्या सामन्यातही शेवटच्या पाच मिनिटांचे गुण निरर्थक नसतात. तिसऱ्या स्थानालाही कमी लेखू नये. 2024 मध्ये कॉर्क पहिले दोन सामने हरले, मग आपल्या मैदानावर लिमरिकला 3-28 विरुद्ध 3-26 असे हरवून तिसरे आले आणि थेट अखिल आयर्लंड अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तेथे क्लेअरने जादा वेळेत 3-29 विरुद्ध 1-34, म्हणजे एका गुणाने, करंडक नेला. त्याच वर्षी टिपररीच्या पदरात साखळीतून केवळ एक गुण पडला होता. पुढच्या वर्षी तेच टिपररी तिसऱ्या स्थानावरून आयर्लंडचे विजेते झाले.

चौथी पायरी: तिकीट

मैदानाच्या दारात रोख पैसे देऊन आत जाण्याचे दिवस संपले. साखळी सामन्यांची तिकिटे जीएएच्या संकेतस्थळावरून आणि ठरावीक सेंट्रा व सुपरव्हॅल्यू दुकानांतून मिळतात. वेळापत्रक जाहीर झाले की सगळ्यांत आधी दिनदर्शिकेत विक्रीचा दिवस लिहावा, सामन्याचा नंतर. एनिसचे क्युसाक पार्क आणि वॉटरफर्डचे वॉल्श पार्क ही मैदाने लहान आहेत, तेथील तिकिटे पाहता पाहता संपतात. कॉर्क, लिमरिक आणि थर्ल्स येथील मैदानांची क्षमता 45,000 च्या आसपास आहे, पण कॉर्क विरुद्ध लिमरिक असा सामना असेल तर तीही अपुरी पडते.

स्टँड आणि टेरेस हा फरक तिकीट घेतानाच ठरवावा लागतो. स्टँडमध्ये क्रमांकाची खुर्ची असते. टेरेसवर पायऱ्यांवर उभे राहायचे असते, वर छप्पर नसते, तिकीट स्वस्त असते आणि गंमत तेथेच जास्त असते. मात्र लहान मुले किंवा मुंबई-पुण्याहून पाहुणे आलेले वृद्ध आई-वडील सोबत असतील तर स्टँडच घ्यावा. दोन्ही संघांचे पाठीराखे वेगळे बसवले जात नाहीत. शेजारी प्रतिस्पर्धी काउंटीचे कुटुंब असणे नेहमीचे आहे.

अंतिम सामन्याचे गणित निराळे असते. साखळी संपल्यापासून अंतिम सामन्यापर्यंत सुमारे दोन आठवडे मिळतात, ठिकाण कोणते संघ पोहोचले यावर ठरते, आणि तिकिटांचा मोठा वाटा काउंटी मंडळांमार्फत क्लबांना जातो. तेथे पुन्हा सभासद, प्रशिक्षक, तिकीट-दारावर उभे राहणारे, चहा करणारे अशी उतरंड असते. वर्षभर क्लबाचे तोंड न पाहता जूनमध्ये सचिवांना फोन करणाऱ्याला गोड शब्दांत नकार मिळतो. ज्याने शनिवारी सकाळी सरावाचे शंकू उचलून ठेवायला मदत केली आहे त्याच्यासाठी मात्र कोठूनतरी एक तिकीट निघते. अनोळखी माणसाकडून समाजमाध्यमांवर तिकीट विकत घेणे पूर्णपणे टाळावे.

पाचवी पायरी: सामन्याचा दिवस

थर्ल्सचे सेम्पल स्टेडियम हे हर्लिंगचे माहेरघर मानले जाते, आणि पहिल्या मोठ्या सामन्यासाठी निवड करता येत असेल तर तेच निवडावे. गाव डब्लिन-कॉर्क रेल्वेमार्गावर असल्याने मोटारीची गरज नाही. सामन्याच्या किमान दोन तास आधी पोहोचून लिबर्टी स्क्वेअर या मुख्य चौकात थोडा वेळ काढावा: पबांच्या दारांतून ओसंडणारी गर्दी, पदपथावर टोप्या, गळपट्टे आणि डोक्याच्या पट्ट्या विकणारे फेरीवाले, आणि पालकांच्या मागे भिंतीवर चेंडू टोलवत चालणारी मुले. कॉर्कमधील पार्क ई क्वीव्हजवळ गाडी लावण्याचा विचारही करू नये. गाडी शहरात ठेवून नदीकाठाने चालत जावे. लिमरिकचे गेलिक ग्राउंड्स एनिस रस्त्यावर आहे आणि शहरातून सार्सफील्ड पूल ओलांडून पायी जाता येते. किलार्नीचे फिट्झजेराल्ड स्टेडियम डोंगरांच्या पार्श्वभूमीमुळे सुंदर दिसते, पण सुट्टीच्या दिवसांत त्या गावातील वाहतूक अंत पाहते.

सोबत टोपी असलेले पावसाळी जाकीट असावे. छत्री नको, मागच्याला दिसत नाही आणि तो तसे सांगायला लाजत नाही. मोठी बॅग प्रवेशद्वारावर अडू शकते. शाकाहारी माणसाला आत चिप्स आणि चहा यापलीकडे फारशी आशा ठेवता येत नाही; डबा न्यावा. येथील जुनी कुटुंबेही मोटारीची डिकी उघडून सँडविच आणि थर्मासमधला चहा घेतातच, त्यांच्या शेजारी मेथीचे ठेपले किंवा पोळीभाजी काढायला कसला संकोच?

प्रवेशद्वारापाशी कार्यक्रमपत्रिका विकत घ्यावी. तिच्यात खेळाडूंचे क्रमांक आणि क्लब दिलेले असतात, आणि आपल्या क्लबाचे नाव कोणाच्या पुढे आहे हे पाहणे हा अर्धा आनंद. संघ मात्र छापल्याप्रमाणेच उतरेल असे नाही. व्यवस्थापक शेवटच्या क्षणी बदल करतात, ते ध्वनिक्षेपकावरून सांगितले की पेनने दुरुस्त करावेत. राष्ट्रगीत सुरू झाले की उभे राहून ध्वजाकडे तोंड करावे. शेवटच्या ओळीच्या आतच गर्जना सुरू होते, तो अनादर समजू नये.

प्रत्यक्ष खेळ पाहताना नवख्याची अडचण चेंडूच्या वेगाची असते. स्लिटर हा चामडी चेंडू मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत क्षणात जातो आणि नजर मागे राहते. त्यावर उपाय असा की गोलरक्षक चेंडू मारायला उभा राहिला की त्याच्याकडे पाहणे सोडून मधल्या पट्ट्यातल्या खेळाडूंकडे पाहावे: कोण जागा सोडून धावतो आहे, कोणाला रिकामे अंतर मिळाले आहे, कोणत्या दोघांत ढकलाढकली चालू आहे. आजच्या हर्लिंगमध्ये सामना बहुतांशी या टोल्यांवर जिंकला जातो, आणि आपल्या टोल्यावरचा चेंडू वारंवार गमावणारा संघ दहा मिनिटांत कोसळू शकतो. 2025 च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात मध्यंतराला सहा गुणांनी पुढे असलेल्या कॉर्कला दुसऱ्या सत्रात केवळ दोन गुण करता आले. सामना 35-35 मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो, आणि मध्यंतरी अनेकदा प्राथमिक शाळांतील मुलांचा छोटा सामना होतो. चहाच्या रांगेत जाण्याऐवजी तो पाहावा.

सामना संपल्यावर मन्स्टरच्या बऱ्याच मैदानांत मुले हिरवळीवर उतरून खेळाडूंच्या सह्या घेतात. हर्लीवर किंवा जर्सीवर सही घ्यायला जाड मार्कर घरूनच न्यावा.

सहावी पायरी: जाता आले नाही तर

आरटीई वाहिनीवर काही सामने थेट दिसतात, काही जीएए प्लस या सशुल्क सेवेवर, आणि रविवारी रात्री ‘द संडे गेम’मध्ये ठळक क्षण व चर्चा असते. पण माझ्या मते खरी मजा स्थानिक आकाशवाणी केंद्रांची. टिप एफएम, क्लेअर एफएम, रेडिओ केरी किंवा वॉटरफर्डचे डब्ल्यूएलआर यांचे समालोचक तटस्थ असल्याचा आव आणत नाहीत, आणि खेळाडूचे नाव घेताना त्याचा क्लब, काका आणि शाळाही सांगून टाकतात. त्यांचे उच्चार सुरुवातीला समजत नाहीत. दोन-तीन रविवार स्वयंपाकघरात तेच लावून ठेवले की कान सरावतो.

सातवी पायरी: जुलैनंतर

काउंटीचा संघ बाहेर पडला म्हणजे मोसम संपला असे समजून झेंडा उतरवणारे निम्मा खेळ गमावतात. जुलैच्या अखेरीपासून काउंटीअंतर्गत क्लब स्पर्धा सुरू होतात. गर्दी कमी, तिकीट सहज मिळणारे, मैदान घराजवळ, आणि मे महिन्यात दूरून पाहिलेला खेळाडू येथे कुंपणापलीकडे दहा पावलांवर, शेजाऱ्याच्या मुलाविरुद्ध खेळत असतो. काउंटीची विजेती क्लबे शरद ऋतूत मन्स्टरच्या क्लब स्पर्धेत उतरतात. महिलांचे फुटबॉल आणि कॅमोगी, म्हणजे महिलांचे हर्लिंग, या खेळांच्या संघटना वेगळ्या आहेत, त्यांची वेळापत्रके स्वतंत्रपणे पाहावी लागतात. मुलगी खेळत असेल तर तिला ते सामने आवर्जून दाखवावेत. नव्या वर्षाची सभासद वर्गणी हिवाळ्यात मागितली जाते, ती तेव्हाच भरून टाकावी.